माहितीपर मजकुराची बांधणी ओळखायची कशी?

सोसायटीच्या फलकावरची नोटीस, महापालिकेचं निवेदन, शासन निर्णय, भूगोलाचा धडा, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, वर्तमानपत्रातली बातमी. या सगळ्याला आपण सरसकट 'माहिती' म्हणतो. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना यातले शब्द अडत नाहीत. ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत आम्ही नववी-दहावीची मुलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे यांच्याबरोबर उतारे वाचतो, तिथे हे सतत दिसतं. उतारा अस्खलित वाचला जातो. 'यात काय सांगितलंय?' असं विचारलं की मात्र पहिल्या वाक्यापासून पाठ म्हटल्यासारखी सुरुवात होते आणि चार-पाच वाक्यांनंतर सगळं विस्कटतं. याचं खापर स्मरणशक्तीवर फोडलं जातं. खरं तर मजकूर कसा रचलाय तेच नजरेला पडलेलं नसतं.

अमेरिकी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बॉनी मेयर यांनी १९७० च्या दशकात या विषयावर पायाभूत काम केलं. नववीच्या विद्यार्थ्यांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. लेखकाने ज्या सांगाड्यावर मजकूर उभा केला, तोच सांगाडा धरून आठवणाऱ्या मुलांना बरंच जास्त आठवत होतं. सुटी सुटी वाक्यं गोळा करणारी मुलं मागे पडत होती. हा सांगाडा ओळखणं शिकवता येतं, शिकता येतं, आणि त्यासाठी भाषेचा पंडित असावं लागत नाही.

हा लेख अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. पेन्सिल आणि कोरा कागद जवळ घ्या.

पायरी १ : मजकूर कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते विचारा

बांधणीचे प्रकार सांगणारे तक्ते पुस्तकांत असतात: वर्णन, क्रम, कार्यकारणभाव, तुलना, समस्या आणि उपाय. ही नावं पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक नावामागे एक प्रश्न असतो, तो लक्षात ठेवा. 'हे काय आहे, कसं आहे?' याचं उत्तर म्हणजे वर्णन. 'आधी काय, मग काय?' याचं उत्तर म्हणजे क्रम. 'हे का झालं, यामुळे काय झालं?' म्हणजे कार्यकारण. 'दोघांत सारखं काय, वेगळं काय?' म्हणजे तुलना. 'अडचण कोणती, तिच्यावर काय केलं?' म्हणजे समस्या आणि उपाय.

एक परिच्छेद वाचा, थांबा आणि स्वतःला विचारा: हा परिच्छेद उत्तर असेल, तर प्रश्न कोणता होता? प्रश्न एका ओळीत समासात लिहा. 'ठाणे खाडीबद्दल माहिती दिली आहे' असं लिहू नका. तो विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय कळला म्हणजे बांधणी कळली असं समजण्याची चूक जवळपास प्रत्येक नवा वाचक करतो, म्हणून पुढची पायरी सावकाश वाचा.

पायरी २ : एकच विषय पाच प्रकारे लिहिलेला पाहा

ठाणे खाडीतले फ्लेमिंगो आपल्या ओळखीचे आहेत. ऐरोलीच्या पुलावरून जाताना ओहोटीच्या वेळी चिखलाटीवर गुलाबी पट्टा दिसतो, तेच. त्यांच्याबद्दल मी पाच छोटे परिच्छेद लिहून दाखवतो. पक्षी तेच, खाडी तीच, प्रश्न मात्र दर वेळी निराळा.

पहिला: 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य खाडीच्या पश्चिम काठाने पसरलं आहे. त्यात सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याचा भाग येतो. ओहोटीला उघडी पडणारी चिखलाटी, खाऱ्या पाण्याचे ओहोळ आणि दाट कांदळवन अशी इथली रचना आहे.' प्रश्न: हे अभयारण्य कसं आहे? हे वर्णन.

दुसरा: '१९९० च्या दशकापासून मुंबई परिसरातल्या खाडीकाठी फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले. २०१५ मध्ये राज्य शासनाने ठाणे खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून घोषित केला. २०२२ मध्ये या पाणथळीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.' प्रश्न: काय काय कधी घडलं? हा कालक्रम.

तिसरा: 'फ्लेमिंगोची पिल्लं करड्या रंगाची असतात. ते ज्या सूक्ष्म शैवालावर आणि छोट्या जलजीवांवर जगतात, त्यांच्यात कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. अन्नातून शरीरात गेलेली ही द्रव्यं पिसांमध्ये उतरतात, त्यामुळे पक्षी गुलाबी दिसतो.' प्रश्न: तो गुलाबी का? हे कार्यकारण. यातही क्रम आहेच, आधी खाणं आणि मग रंग. पण लेखकाला क्रम सांगायचा नाही, कारण सांगायचं आहे.

चौथा: 'खाडीत दोन जातींचे फ्लेमिंगो येतात. थोरल्या फ्लेमिंगोची चोच फिकट गुलाबी आणि टोकाशी काळी असते, तर धाकट्याची चोच गडद तांबडी दिसते. थोरला उंच आणि रंगाने फिका, धाकटा ठेंगणा आणि अधिक गुलाबी. दोघेही डोकं उलटं करून पाण्यातलं अन्न चोचीने गाळून घेतात. धाकट्याची भिस्त मुख्यतः सूक्ष्म शैवालावर असते, थोरला छोटे कवचधारी जीवही खातो.' प्रश्न: दोघांत फरक काय, साम्य काय? ही तुलना.

पाचवा: 'भराव आणि बांधकामाचा राडारोडा टाकून खाडीकाठचं कांदळवन अनेक ठिकाणी नष्ट होत होतं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला.' प्रश्न: संकट काय होतं आणि त्यावर काय केलं?

आता पाचवा परिच्छेद दुसऱ्याशेजारी ठेवून पुन्हा वाचा. दोन्हींत साल आहेत, दोन्हींत घटना एकामागून एक येतात. सालांकडे पाहून ठरवलंत तर दोन्ही कालक्रमच वाटतील. पाचव्यातलं पहिलं वाक्य काढून टाकलं, तर तो खरोखरच कालक्रम होऊन बसतो. म्हणजे एका वाक्याने सगळ्या परिच्छेदाचं रूप बदललं. ते वाक्य अडचण मांडतं, आणि एकदा अडचण मांडली की पुढची प्रत्येक घटना तिच्या उत्तरासारखी वाचली जाते.

पायरी ३ : खुणेचे शब्द शोधा, पण त्यांची उलटतपासणी घ्या

'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' दिसले की कार्यकारण. 'परंतु', 'उलट' दिसले की तुलना. 'प्रथम', 'त्यानंतर' दिसले की क्रम, असं शाळेत सांगतात. सुरुवात म्हणून हे ठीक. पण मराठीत हे शब्द एका जागी एक काम करतात आणि दुसऱ्या जागी भलतंच, आणि नवशिक्याला नेमकं तेच कोणी सांगत नाही.

'म्हणून' घ्या. 'पाणी कमी दाबाने येत होतं, म्हणून टाकी भरली नाही' इथे तो कारण जोडतो. 'ठाणे तलावांचं शहर म्हणून ओळखलं जातं' इथे कारणाचा पत्ताच नाही, फक्त ओळख आहे. 'त्या सिडकोत अभियंता म्हणून काम करतात' इथे भूमिका आहे. उताऱ्यात 'म्हणून' दिसला की खाली रेघ मारण्याआधी तिथे 'त्या कारणाने' हे शब्द घालून वाक्य म्हणून पाहा. 'तलावांचं शहर त्या कारणाने ओळखलं जातं' हे कानाला लगेच खटकतं.

'तर' हाही तसाच. 'पाऊस लांबला तर पाणीकपात होईल' ही अट आहे. 'ठाणे शतकांपासून नांदतं गाव, तर नवी मुंबई आखून वसवलेलं शहर' ही तुलना आहे. 'मी तर गेलोच नाही' यातला 'तर' नुसता जोर देतो. 'पण' सुद्धा 'गाडी वाशीला थांबते आणि नेरूळला पण थांबते' असा आला तर विरोध दाखवत नाही. पावतीवरच्या 'रुपये पाचशे मात्र' मध्ये 'मात्र' म्हणजे फक्त. बातमीत तोच शब्द 'प्रशासनाने मात्र हा आरोप फेटाळला' असा येतो आणि दोन बाजू समोरासमोर उभ्या करतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मराठीत बांधणी दाखवणाऱ्या कितीतरी खुणा स्वतंत्र शब्द म्हणून येतच नाहीत, शब्दाच्या शेपटीला चिकटून येतात. 'गाळामुळे', 'भरतीपूर्वी', 'पुलापेक्षा', 'दुरुस्तीसाठी', 'मुदतीपर्यंत'. क्रियापदांच्या पोटातही लपतात: 'अर्ज न केल्यास', 'पाणी ओसरल्यावर', 'परवानगी असूनही', 'वाहिनी फुटल्याने'. डोळा शब्दाच्या सुरुवातीवर पडतो आणि शेपूट सुटते. म्हणून पहिल्या आठवड्यात एवढाच सराव करा: कोणताही परिच्छेद घ्या आणि मुळे, ने, पेक्षा, साठी, पूर्वी, नंतर, ल्यास, ऊनही या शेपट्यांभोवती पेन्सिलने गोल काढा. अर्थ लावू नका, नुसते गोल काढा. पान भरेल. बांधणीचे खिळे कुठे ठोकलेत ते दिसायला लागेल.

सरकारी कागदाची बोली वेगळी असते, तिच्यासाठी छोटी यादी जवळ ठेवा. 'सबब' आणि 'यास्तव' म्हणजे या कारणाने. 'तथापि' म्हणजे असं असलं तरी. 'त्यानुषंगाने' म्हणजे आधी जे सांगितलं त्याला धरून, आणि हा शब्द आला की वरचं वाक्य पुन्हा वाचायलाच हवं. 'उपरोक्त' दिसला की बोट वर न्या, कशाबद्दल बोलताहेत ते शोधा.

पायरी ४ : वाक्यांची अदलाबदल करून पाहा

खुणेचे शब्द नसले किंवा फसवे असले, तर ही चाचणी वापरा. माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत ही सर्वात भरवशाची.

परिच्छेदातली मधली दोन वाक्यं मनातल्या मनात एकमेकांच्या जागी ठेवा. अर्थ बिघडला नाही तर ते बहुधा वर्णन आहे. कांदळवन किती हेक्टर आणि पाणी किती हेक्टर, हे कोणत्याही क्रमाने सांगितलं तरी अभयारण्य तेवढंच राहतं. अदलाबदल केल्यावर घटना उलट्या घडल्यासारख्या वाटल्या तर क्रम आहे. 'का?' याचं उत्तर हरवलं तर कार्यकारण आहे. तुलनेत गंमत अशी की दोन्ही बाजूंची वाक्यं जोडीने हलवली तर काही बिघडत नाही, एकटं वाक्य हलवलं की त्याचा जोडीदार पोरका होतो.

बातमीवर ही चाचणी लावताना एक जपून. बातमीत सर्वात महत्त्वाचं आणि बहुधा सर्वात ताजं आधी येतं, पार्श्वभूमी खाली जाते. घडलेला क्रम आणि लिहिलेला क्रम उलटसुलट असतो. अशा वेळी बातमीतल्या घटना कागदावर घडल्या त्या क्रमाने पुन्हा मांडून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कोर्टकचेऱ्यांच्या बातम्या त्याशिवाय नीट कळतच नाहीत.

पायरी ५ : 'नंतर' आणि 'मुळे' यांची गल्लत टाळा

हा परिच्छेद वाचा.

'१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीपर्यंत आली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या.'

आता सांगा, लोकल आल्यामुळे महानगरपालिका झाली का? परिच्छेद असं कुठेही म्हणत नाही. तरी वाचणाऱ्याचं मन दोन घटना शेजारी दिसल्या की त्यांच्यात कारणाचा धागा ओवतं. इथे तर महानगरपालिका १ जानेवारीला अस्तित्वात आली आणि लोकल मे महिन्यात, म्हणजे धागा ओवला तर तो उलटाच. परीक्षेत 'उताऱ्याच्या आधारे' असं लिहिलेलं असतं ते याचसाठी.

नियम सोपा ठेवा. लेखकाने 'मुळे', 'ल्याने', 'परिणामी' किंवा तशा अर्थाचं काही लिहिलं असेल तरच बाण काढा. नसेल तर नुसती रेघ काढा. तुम्हाला बाहेरून माहीत असलेलं कारण खरंही असेल, पण ते समासात वेगळ्या रंगाने लिहा, म्हणजे मजकुराने सांगितलेलं आणि तुम्ही जाणलेलं एकमेकांत मिसळणार नाही.

पायरी ६ : अडचण कुणाची, हे विचारा

समस्या-उपाय पद्धतीचा मजकूर वाचताना हा एक प्रश्न जास्तीचा विचारायचा आणि तो कधीही वगळायचा नाही. सगळ्या बांधण्यांमध्ये हीच वाचकाला सर्वात सहज ओढून नेते. अडचण मान्य केली की उपायही अर्धा मान्य होऊन जातो.

नवी मुंबईचंच उदाहरण पुरेसं आहे. एका प्रकारचा लेख सुरू होतो: मुंबई बेट दाटीवाटीने गुदमरत होतं, घाऊक बाजारांनी दक्षिण मुंबईचे रस्ते तुंबत होते. उपाय काय? खाडीपलीकडे सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर आखलेलं शहर, वाशी, बेलापूर, नेरूळ अशा नोड्समध्ये, म्हणजे छोट्या उपनगरांमध्ये, विभागलेलं, आणि वाशी-तुर्भ्याला हलवलेले कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, धान्य आणि मसाल्याचे घाऊक बाजार. बांधणी चोख आहे आणि माहितीही खरी आहे.

दुसरा लेख त्याच जमिनीवर उभा राहून असा सुरू होतो: ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी संपादित झाल्या, शेती आणि मिठागरं गेली, मोबदला तुटपुंजा मिळाला. इथे पहिल्या लेखातला उपाय हीच अडचण आहे. तिच्या उत्तरासाठी शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना आली. आगरी-कोळी गावठाणांत 'साडेबारा टक्के' एवढंच म्हटलं तरी पुरतं.

दोन्ही लेखांची बांधणी सारखी, घटनाही बऱ्याच सारख्या. सुरुवात कुठून केली यावर सगळं ठरलं. म्हणून समस्या-उपायाचा मजकूर दिसला की तीन गोष्टी लिहा: अडचण कोणती, ती कुणाची, आणि उपाय कुणी केला. मधल्या प्रश्नाचं उत्तर मजकुरात सापडलं नाही, तर तेही लिहून ठेवा. गाळलेली माहिती ओळखणं हाही वाचनाचाच भाग आहे.

पायरी ७ : मोठी बांधणी आणि आतली छोटी बांधणी वेगळी करा

आतापर्यंतचे नमुने मी मुद्दाम स्वच्छ लिहिले. खरा मजकूर असा नसतो. एका मोठ्या बांधणीच्या पोटात छोट्या बांधण्या असतात, आणि नवा वाचक बहुतेक वेळा छोटीलाच मोठी समजतो.

यासाठी शासन निर्णयासारखा उत्तम नमुना नाही. फुकट मिळतो, मराठीत असतो आणि त्याचा साचा ठरलेला असतो. वर विषय, विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांक. मग 'वाचा' किंवा 'संदर्भ' या शब्दाखाली जुन्या निर्णयांची आणि पत्रांची यादी. मग 'प्रस्तावना'. मग 'शासन निर्णय' या मथळ्याखाली क्रमांक घातलेले मुद्दे. शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही, आणि प्रती कुणाला पाठवल्या त्याची यादी.

पूर्ण कागदाची बांधणी समस्या आणि उपाय हीच असते. प्रस्तावनेत अडचण किंवा गरज, निर्णयात उपाय. यांच्यामधली बिजागरी म्हणजे 'ही बाब शासनाच्या विचाराधीन होती' हे वाक्य किंवा त्याचा एखादा भाऊबंद. ते सापडलं की कागद दोन भागांत उघडतो. वरचं सगळं 'का' आणि खालचं सगळं 'काय'.

आत मात्र निराळंच चाललेलं असतं. 'वाचा' ही यादी आहे, तिच्यातल्या तारखांमुळे तिला कालक्रमाचा भास येतो. प्रस्तावनेत खरोखर कालक्रम असतो: अमुक साली योजना आली, अमुक साली बदल झाला. निर्णयाच्या मुद्द्यांत कधी वर्णन असतं (पात्र कोण), कधी कृतिक्रम (अर्ज कसा करावा), कधी अट (न केल्यास काय). प्रस्तावनेतल्या जुन्या तरतुदीलाच नवा निर्णय समजून लोक हेलपाटे घालतात. हे टाळायचं असेल तर आधी 'शासन निर्णय' हा मथळा शोधा, तिथून खाली वाचा आणि मग वर या. कोणत्याही धड्याला असं मधून वाचायला मी सांगणार नाही, पण शासन निर्णयाला हीच वाट सोयीची.

पायरी ८ : आकृती काढा

ही पायरी छोटी आहे. क्रमाला एकाखाली एक चौकटी, कार्यकारणाला बाण, तुलनेला दोन रकाने, वर्णनाला मध्ये विषय आणि भोवती फांद्या, समस्या-उपायाला वर एक आणि खाली एक अशा दोन मोठ्या चौकटी.

दहावीच्या मुलांसाठी एक उपयोगाची गोष्ट सांगतो. कृतिपत्रिकेत 'ओघतक्ता पूर्ण करा', 'आकृतिबंध पूर्ण करा', 'फरक स्पष्ट करा' अशा कृती येतात. प्रश्नाचा आकार बघा. ओघतक्ता विचारला असेल तर उताऱ्यात क्रम किंवा कारणांची साखळी आहेच, आणि मधल्या चौकटी शोधायच्या आहेत. मध्ये एक शब्द आणि भोवती चार चौकटी असतील तर वर्णन शोधायचं. उतारा वाचण्याआधी कृतींवर नजर टाकली की काय हुडकायचं ते आधीच कळतं. यात लबाडी काही नाही, वाचनाचा हेतू ठरवण्याचीच ही रीत आहे.

पायरी ९ : त्याच सांगाड्यावर सारांश लिहा

आता एक नोटीस. अशा नोटिसा ठाण्यात आणि नवी मुंबईत प्रत्येक सोसायटीच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर येतात.

'जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामासाठी शुक्रवारी सकाळी ९ ते शनिवारी सकाळी ९ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील. पुरवठा पूर्ववत झाल्यानंतर पुढील काही तास पाणी कमी दाबाने येईल. तरी नागरिकांनी आवश्यक पाणीसाठा करून ठेवावा.'

वार आणि वेळा पाहून कालक्रम म्हणण्याचा मोह होईल. शेपट्या तपासा: 'कामासाठी' हा हेतू, 'झाल्यानंतर' हा क्रम, आणि शेवटचा 'तरी' म्हणजे 'या कारणाने'. मोठी बांधणी कारण, परिणाम आणि म्हणून करायची गोष्ट अशी आहे. आता लिहिलेला क्रम आणि करायचा क्रम ताडून बघा. सगळ्यात आधी करायचं काम सगळ्यात शेवटच्या वाक्यात आहे. घाईत पहिली ओळ वाचून फोन खिशात टाकणाऱ्याच्या हातून साठा करायचा राहतो, तो म्हणूनच.

सारांश: 'वाहिनीची दुरुस्ती असल्यामुळे शुक्रवार सकाळ ते शनिवार सकाळ पाणी येणार नाही आणि नंतरही दाब कमी राहील, म्हणून गुरुवारीच पाणी भरून ठेवा.' गुरुवार हा शब्द नोटिशीत नव्हता. बांधणी कळली म्हणून तो काढता आला.

तुलनेच्या मजकुराचा सारांश तुलनेतच लिहा, दोन्ही बाजू एका वाक्यात आल्या पाहिजेत. कालक्रमाच्या सारांशात सगळी सालं कोंबू नका. सुरुवात, वळण आणि शेवट पुरतात. वर्णनाचा सारांश सर्वात अवघड, कारण काय गाळायचं हे मजकूर सांगत नाही, तुम्हालाच ठरवावं लागतं. तिथे पायरी १ मधला समासातला प्रश्न कामी येतो: त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जे लागत नाही ते जातं.

सराव कशावर करावा

आधी नोटिसा आणि औषधांचे किंवा उपकरणांचे कागद, कारण ते छोटे असतात. मग विज्ञान आणि भूगोलाचे धडे, त्यांत मथळे मदतीला असतात. मग बातम्या. मग शासन निर्णय. अग्रलेख सर्वात शेवटी. तिथे लेखक तुलना करतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात तो उपाय सुचवत असतो. ठाण्यातल्यांना मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ आहे. १८९३ पासून चालत आलेल्या या संस्थेत बसून एकाच दिवशीची दोन-तीन वर्तमानपत्रं शेजारी ठेवता येतात. एकाच घटनेवरची बातमी प्रत्येकाने कोणत्या प्रश्नापासून सुरू केली ते बघा, पायरी २ मधले पाच परिच्छेद आठवतील.

आणि केलेलं काम तपासून घ्या. सारांश घरातल्या कुणाला किंवा मित्राला द्या, मूळ मजकूर दाखवू नका, आणि विचारा: 'हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?' त्यांनी सांगितलेला प्रश्न तुमच्या समासातल्या प्रश्नाशी जुळला तर पुढचा मजकूर घ्या. नाही जुळला तर दोन्ही प्रश्न हातात धरून मूळ मजकुराकडे परत जा, आणि वाक्यांची अदलाबदल करून कोणता टिकतो ते पाहा.